इतिहासाची वही

माघ सरत आला की आमच्या भागात हळद शिजायला लागते. परवा औंढ्याकडून हिंगोलीला येताना बसच्या उघड्या खिडकीतून तो वास आत आला. ओल्या मातीचा, कच्च्या मुळाचा, किंचित तिखट आणि खूपसा उग्र. रस्त्याकडेच्या शेतात लोखंडी कुकरमधून वाफेचे पांढरे लोट निघत होते, बाया तोंडाला पदर बांधून शिजलेली हळद उन्हात पसरत होत्या, आणि वाफेपलीकडची माणसं पुसट होऊन पुन्हा ठळक होत होती. शेजारच्या बाईने नाक दाबलं. मी मात्र खिडकीशी सरकून बसले. या वासाशी माझं जुनं देणंघेणं आहे. तो आला की मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आठवते, पत्र्याची एक खोली आठवते, आणि त्या खोलीत माझ्या शेजारी पथारी टाकणारी एक मुलगी आठवते. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा माझ्यामुळे ते नको त्या तोंडी गेलं होतं. तेवढं पुरे.

आमचं महाविद्यालय म्हणजे सहा खोल्या, एक कडुनिंब आणि ग्रंथालय म्हणवणारी चार कपाटं. शाखा एकच, कला. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र. विद्यार्थी इतके थोडे, की कोण आज आलं नाही हे हजेरी न घेताही सरांना कळायचं. कुणी ताप येऊन घरी राहिलं, तर शिपाईमामा दुसऱ्या दिवशी तब्येत विचारायचे. मोठ्या शहरांतल्या मुलामुलींना हसू येईल असं ते कॉलेज. पण शिरड शहापूरच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून तिथे पोचायला मला दोन दिवस घरात जेवण सोडावं लागलं होतं. थोरल्या बहिणीला दहावीनंतर घरी बसवलेलं. कुणीतरी तिला वाटेत एका मुलाशी बोलताना पाहिलं होतं, एवढंच. मला हिंगोलीला पाठवताना वडील एकच वाक्य बोलले. म्हणाले, एक शब्द जरी कानावर आला, तर त्याच दिवशी पेटी उचलून घेऊन येईन. ते वाक्य मी पुस्तकांसोबत पेटीत भरूनच आणलं होतं.

खोली गावाच्या शेवटच्या गल्लीत होती. पुढे मालकीणबाईंचं घर, मागे अंगण, आणि अंगणाच्या कडेला ओळीने तीन पत्र्याच्या खोल्या. त्यांत आम्ही पाच मुली. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. बाई मनाने वाईट मुळीच नव्हत्या. आम्हाला लोणचं द्यायच्या, रविवारी केसांना तेल लावून द्यायच्या, कुणाचं पोट दुखलं तर ओवा घेऊन यायच्या. पण पाच तरण्या पोरी घरात ठेवणं म्हणजे पदरात निखारा बांधणं, असं त्यांना मनापासून वाटे. तिन्हीसांजेला फाटकाला कुलूप लागलं, की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसायचा. आमच्या खोलीची खिडकी शेताकडे होती. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की दुपारी आम्ही जमिनीवर पाणी शिंपडून त्या ओलीवर, मांडीवर पोथीसारखी पुस्तकं पसरून, बसायचो. आणि परीक्षेच्या तोंडावर त्याच खिडकीतून हळदीचा वास यायचा.

ती नरसीच्याही पलीकडच्या, डोंगराला टेकलेल्या एका तांड्यावरची. पाचवीपासून आश्रमशाळेत वाढलेली. मुलींच्या सरकारी वसतिगृहात तिचा नंबर लागला नाही, म्हणून माझ्या खोलीत आली. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि अक्षर असं की पाहत राहावं. आश्रमशाळेतल्या कुणा गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेलं ते वळण. उभ्या रेषा सरळ, काना ताठ, वेलांटी नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी. आमचे इतिहासाचे सर तिची वही वर्गात उंच धरून दाखवायचे आणि म्हणायचे, हिच्या वहीत मी सांगितलेला इतिहास माझ्यापेक्षा चांगला उतरतो. तेव्हा ती खाली बघायची. तांड्यावरची कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी होती. पदवी झाली की आपल्याच आश्रमशाळेत जाऊन इतिहास शिकवायचा, हे तिने ठरवून टाकलं होतं. हे ती स्वप्न सांगतात तसं सांगायची नाही, उद्या बाजारात जायचं आहे असं सांगावं तसं सांगायची.

माझा डबा गावाहून बसने यायचा. कंडक्टरकडून तो घेण्यासाठी रोज सकाळी स्टँडवर जावं लागे. तिच्या तांड्याला बसच नव्हती, मग डबा कुठला. ती स्टोव्हवर भाकरी टाकायची, मी डबा उघडायचे, आणि दोघींचं मिळून एक ताट व्हायचं. तांड्यावरच्या मुलीसोबत राहते म्हटल्यावर माझी आई पहिल्यांदा जरा अवघडली होती. काही बोलली नाही, पण दिवाळीला गेले तेव्हा माझं भांडं वेगळं ओळखू यावं म्हणून डब्याच्या कडीला स्वतंत्र खूण बांधून दिली. त्यानंतर माझ्या खोलीतल्या या मुलीने एकदा आईसाठी जवसाची चटणी कुटून पाठवली. पुढच्या सोमवारपासून डब्यात दोनाच्या चार भाकरी यायला लागल्या. आईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही आणि आम्हीही नाही. संध्याकाळी अंगणात ती मला तिच्या बोलीतले शब्द शिकवायची. आईला याडी म्हणतात, हे मी तिथे शिकले. माझे उच्चार ऐकून ती तोंडावर हात ठेवून हसायची. तिला मोठ्याने हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

आता जे सांगायचं ते मी इतकी वर्षं कुणाला नीट सांगितलेलं नाही. वर्गातला एक मुलगा मला आवडायला लागला होता. आवडणं म्हणजे तरी काय, ग्रंथालयाच्या कपाटाशी दोन वाक्यं, स्टँडवर डबा घेताना दुरून एक नजर. त्या माघात त्याने माझ्याकडे इतिहासाच्या नोट्स मागितल्या. माझ्या नोट्स असून नसल्यासारख्या. मी तिची वही मागून घेतली. कुणासाठी, ते तिला सांगितलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दे. पर जपून आणून दे, परीक्षा जवळ हाय." मी वही त्याला दिली.

चार दिवसांनी तो ती परत करायला, वर्गात सगळ्यांदेखत नको म्हणून असेल, आमच्या गल्लीत आला. भर दुपार होती. आम्ही दोघी अजून कॉलेजात होतो. फाटक लावलेलं पाहून तो घाबरला असावा. वही त्याने बाहेरच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेला. काकूंनी ती उचलली. आत घडी घातलेला एक कागद होता. त्यावर ना कुणाचं नाव, ना खाली सही. दहाबारा ओळी होत्या, कुणाही वीस वर्षांच्या मुलाने लिहाव्यात अशा. पण वहीच्या पहिल्या पानावर नाव होतं, तिच्या त्या देखण्या अक्षरातलं.

आम्ही परतलो तेव्हा काकू ओट्यावर बसून होत्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. तिला विचारलं, ही वही तुझी का. ती म्हणाली, व्हय. अक्षर तुझं का. व्हय. मग त्यांनी कागद पुढे केला. तिने तो वाचला, घडी होती तशी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या चपला काढत होते. चपला काढायला किती वेळ लागावा? मी बराच वेळ लावला. काकू म्हणाल्या, तांड्यावरून आलीस तरी मी तुला लेकीसारखं ठेवलं. त्या 'तरी'मध्ये सगळं आलं. दुसरा काही विचार त्यांच्या मनात शिरायला जागाच उरली नव्हती. माझं घराणं, माझा रोजचा डबा, आठवड्याला फोन करणारे माझे वडील, या सगळ्यांनी मला आधीच निर्दोष ठरवून टाकलं होतं. मी काही करायचंच शिल्लक नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

खोलीत आल्यावर मला रडू फुटलं. रडायला पाहिजे होतं तिने, आणि पाणी आणून देत होती तीच. मी म्हणाले, उद्या सकाळी मी काकूंना सगळं सांगते. ती म्हणाली, "बरं." नंतर स्टोव्ह पेटवून तिने भाकरी टाकल्या. आम्ही जेवलोसुद्धा. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, हे मला आज त्या जेवणावरून कळतं. ज्याला भीती वाटते त्याला घास गिळवत नाही. मला गिळवत नव्हता.

सकाळ झाली, आणि माझ्याने काकूंच्या दाराशी जाववलं नाही. आधी डबा आणू म्हणून स्टँडवर गेले. डबा आल्यावर वाटलं, पहिला तास करून येऊ. एका गोष्टीला मी सकाळच्या कामांच्या मागे ढकलत राहिले. मनाशी एक हिशेबही मांडून ठेवला होता, आणि तो आठवला की आजही माझीच मला किळस येते. मला वाटलं, तिच्या बापाचा तिच्यावर जीव आहे. तो तिला काही करणार नाही. माझे वडील मात्र पेटी उचलतील. म्हणजे तिच्यावर आलं तर ते सोसण्यासारखं आहे.

मी परतले तेव्हा तिचा बाप फाटकाबाहेर उभा होता. काकूंनी फोन करून बोलावलं होतं. उंच, वाळलेला माणूस. डोक्याला पागोटं, आणि गल्लीतच चपला काढून अनवाणी उभा, जणू फाटकापासून देऊळ सुरू होत होतं. मी त्यांना मामा म्हणायचे. दिवाळीनंतर ते आले होते तेव्हा माझ्यासाठीही मूठभर बोरं आणली होती. काकूंनी त्यांना हळू आवाजात, अगदी सभ्य शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी लेकीला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. ती एकच वाक्य बोलली आणि माझ्याकडे वळून पाहत राहिली. तिच्या नजरेमागून त्यांचीही नजर माझ्यावर आली.

ते म्हणाले, "पोरी, तू संगं राहती तिच्या. तुला काय ठाऊक हाय का?"

इतक्या सरळपणे त्यानंतर मला आयुष्यात कुणी काही विचारलेलं नाही. हातात डबा होता. तो अजून कोमट होता. मी म्हणाले, "न्हाई मामा. मला काय ठाऊक न्हाई."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, हात उगारला नाही. आत येऊन लेकीची पेटी उचलली, वळकटी दोरीने बांधली. ती खोलीत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. जाताना तिने मागे पाहिलं नाही. मी खोलीत गेले तर माझ्या पेटीवर तिच्या बाकी सगळ्या वह्या नीट रचून ठेवलेल्या. मराठीची, समाजशास्त्राची, राज्यशास्त्राची. चिठ्ठी नाही, निरोप नाही. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि तिला आता त्यांचं काम नव्हतं. शेतात हळद शिजत होती.

त्या वह्यांवर मी परीक्षा दिली. पहिल्या वर्गात पास झाले. त्या मुलाशी पुन्हा एक शब्दही बोलले नाही. माझ्या शिक्षेतला तेवढाच भाग मी स्वतः उचलला, आणि तो फारच स्वस्त होता. जूनमध्ये इतिहासाचे सर वर्गात विचारत होते, ती का आली नाही. कुणीतरी म्हणालं, लग्न झालं. सर खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग त्यांनी नवं प्रकरण सुरू केलं. पुढे माझं एम.ए. झालं, लग्न झालं, आणि फिरून फिरून मी त्याच महाविद्यालयात तासिकेवर शिकवायला आले. काकूंचं घर तोवर विकलं गेलं होतं. खोल्यांच्या जागी आता दुचाकींचं दुकान आहे. काकू पुण्याला मुलाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या, असं ऐकलं.

बारा वर्षं मी तिच्या तांड्याच्या दिशेने गेले नाही. गेल्या साली पहिल्या वर्षाला एक मुलगी प्रवेशासाठी आली. पत्त्यात त्याच तांड्याचं नाव होतं. मी सहज विचारल्यासारखं तिचं नाव घेऊन विचारलं. ती म्हणाली, ती माझी आत्या लागते मॅडम, सेनगावच्या अंगाला दिली आहे, अंगणवाडीत मदतनीस आहे. मी अर्ज तिच्या हातात परत दिला तेव्हा त्यावर माझ्या बोटांचा ओलसर ठसा उमटला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी प्रवासी जीप पकडून मी गेले. अंगणवाडी शोधावी लागली नाही. बाहेरच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवली होती, आणि त्यातला 'अ' पाहताच मी ओळखलं. ती चुलीपुढे बसून लेकरांची खिचडी हलवत होती. वर पाहिलं, आणि तिने लगेच ओळखलं. उठली, हात पुसले, बसायला चटई टाकली. केस पांढरे व्हायला लागलेले, हाताच्या शिरा वर आलेल्या. वयाने माझ्याएवढीच, दिसायला दहा वर्षांनी थोरली. तिने कॉलेजचं विचारलं, निंब आहे का, सर निवृत्त झाले का. लेकरांना ताटल्या वाढत वाढत विचारत होती. मग एकदम म्हणाली, वह्या कामाला आल्या का. मी व्हय म्हणाले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बसायला सोपं गेलं असतं.

लेकरं जेवून खेळायला गेल्यावर मी विचारलं, "त्या दिशी तू काहून बोलली न्हाईस काकूंपुढं? वही कुणाला दिली ते तुला ठाऊक व्हतं."

तिने पातेल्याचा तळ खरवडला. म्हणाली, "तू बोलशील म्हणून थांबले व्हते."

तिने पातेल्यात पाणी ओतून ते बाजूला ठेवलं. मग तिने आपण होऊन सांगितलं. परतताना नरसीपर्यंतच्या बसमध्येच तिने बापाला सगळं खरं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं. आणि म्हणाला, त्या पोरीला मी तोंडानं विचारलं ना, ती न्हाई म्हणली. लोकाच्या लेकरावर कशाला घालती. त्यानंतर त्या विषयावर तो कधी बोलला नाही. मारलं नाही, टाकून बोलला नाही, लग्नही चांगलं घर बघून करून दिलं. पण पूर्वी तो बाजारातून आला की लेकीला वर्तमानपत्राचा कागद वाचायला सांगायचा, पुड्या बांधून आलेला, तेलकट. ते त्याने बंद केलं. पुन्हा कधी तिला काही वाच म्हणाला नाही. "गेला त्यो," ती म्हणाली. "आखाडात गेला."

मी आखाडानंतर चार महिन्यांनी आले होते.

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि परतही केली नाही. एवढंच म्हणाली, "याडी हाय अजून. तिला सांगून ये."

त्याच दुपारी मी तिच्या माहेरच्या तांड्यावर गेले. तिने सोबत यायचं टाळलं आणि मीही आग्रह केला नाही. म्हातारी दारात तूर पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, आणि मग उभ्यानेच, एका दमात, सगळं सांगून टाकलं. वही मी नेली, चिठ्ठी मला लिहिलेली होती, मामांनी मला विचारलं आणि मी खोटं बोलले. सूप थांबलं होतं. तिला मराठी कितपत कळतंय याची मला शंका येत होती. पण ती सगळं समजली. डोळ्यांत पाणी आलं नाही. सुपातल्या तुरीकडे बघत ती म्हणाली, "तेला सांगाय पायजे व्हतं."

मग ती आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाणी प्याले. निघाले तेव्हा ती माझ्यामागून चालत आली, तांड्याच्या उतारावरून खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत. आलेल्या माणसाला वाटेला लावायचं, तो कोणीही असो, ही तिथली रीत. जीप यायला बराच उशीर होता. मी म्हणाले, तुम्ही जा, ऊन लागेल. ती गेली नाही. आम्ही दोघी बाभळीच्या विरळ सावलीत उभ्या राहिलो. मला वाटत होतं, मी बारा वर्षांचं ओझं खाली ठेवायला आले होते. प्रत्यक्षात मी ते त्या म्हातारीच्या हातात ठेवलं. लेक निर्दोष होती याचा आनंद तिला झालाच असेल. पण तो आनंद आता ज्याला सांगायचा तो माणूस घरात नाही, आणि त्याने जे वर्षानुवर्षं मनात बाळगलं ते चुकीचं होतं, हे आता तिला एकटीने, त्याच्या माघारी जाणत राहायचं आहे. खरं बोलल्याने सगळं हलकं होतं, अशी माझी समजूत होती. उशिरा बोललेलं खरं कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसतं, एवढंच त्या बाभळीखाली मला उमगलं.

जीप आली. मी बसले. म्हातारीने हात उचलला, निरोपाला की उन्हाची तिरीप अडवायला, ते काही मला कळलं नाही.